एक्क्याऐंशी गुण

टोपी आली तेव्हा ती ठेवायला कारागृहात जागा नव्हती, म्हणून माझ्या वर्गातलं कपाट रिकामं करण्यात आलं. पाट्या, अंकलिप्या, बायकांनी वाचून वाचून मऊ केलेले जुने दिवाळी अंक, सगळं जिन्याखाली गेलं. अधीक्षक मॅडम माझी समजूत घालत म्हणाल्या, "उंबरजे बाई, आता पाट्या कोण वापरतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पण पाटी पुसता येते."

तेव्हा ते काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी मागे वळून बघताना वाटतं, त्या दिवशी मी एवढं एकच शहाणपणाचं बोलले.

मी जिल्ह्याच्या महिला कारागृहात एकतीस वर्षं शिक्षिका होते. निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस जायची. घरी कुणी नव्हतं, आणि पाय आपोआप त्याच दरवाज्याकडे वळायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीच्या, म्हणजे घरच्यांना भेटायच्या, खोलीत दुहेरी जाळी होती. पलीकडच्या माणसाचं बोटसुद्धा इकडे लागायचं नाही. पत्रं उघडून, शिक्का मारून मिळायची. बऱ्याच जणींना वाचता यायचं नाही. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायची आणि अर्जही मीच लिहायची. अर्ज लिहिण्याची माझी एक रीत होती. वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचायचं आणि त्या बाईकडून तीनदा म्हणवून घ्यायचं. अक्षर माझं असलं तरी बोलणं तिचंच राहिलं पाहिजे. नाहीतर न्यायाधीशांनी विचारल्यावर ती म्हणायची, "मला काय माहीत, बाईनं लिवलंय."

वर्गाच्या भिंतीवर मी माझ्या हाताने एक तक्ता रंगवला होता. अटक करताना कारण सांगितलं पाहिजे. वकील मिळाला पाहिजे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. बायका जोडाक्षरं शिकल्या त्या या तक्त्यावरून. 'सक्ती' आणि 'साक्ष' त्यांना 'पुस्तक'च्या आधी वाचता यायचं.

टोपीचं सरकारी नाव अनुताप-मापक. नावाप्रमाणे ती खरंच टोपीसारखी दिसायची. राखाडी, जराशी जड, आतून टिकल्या टिकल्या लावलेली. "सरकारच आता आपल्याला टोपी घालायला लागलं," असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं आणि नाव पडलं ते पडलं.

एक तरुण डॉक्टर आम्हा सगळ्यांना समजावून सांगायला आले होते. माणूस काही आठवतो तेव्हा मेंदूत एकच जागा जागी होत नाही. पाहिलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे, वास तिसरीकडे, आणि हे सगळं एका क्षणी एकत्र पेटतं. नुसती रचलेली गोष्ट सांगताना तसं होत नाही. तिथे कपाळामागचा, जुळवाजुळव करणारा भाग राबत असतो. टोपीला हा फरक कळतो. आणि खऱ्या आठवणीबरोबर शरीरातल्या वेदनेचं जाळंही पेटलं, तर तो पश्चात्ताप. टोपी त्याला शंभरपैकी गुण देते.

मी मागच्या बाकावरून विचारलं होतं, "डॉक्टर, आठवण खरी आहे की नाही, हे टोपीला कळतं का?"

"माणसाला ती खरी वाटते की नाही, हे कळतं," ते म्हणाले. मग जरा थांबून प्रामाणिकपणे पुढे म्हणाले, "आठवण म्हणजे कपाटातली फाईल नव्हे, आजी. आपण काढतो तेव्हा ती ओली होते, ठेवताना पुन्हा सुकते. दर वेळी थोडी बदलते."

मला ते भाकरीसारखं वाटलं. पीठ तेच, पण रोज नव्याने थापायची, आणि आज कुणाचा हात लागला त्यावर तिचा आकार.

यामागचा हेतू वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याआधी जन्मठेपेची बाई चौदा-चौदा वर्षं काढायची. मग समिती बसायची, आणि कुणाचा भाऊ कुणाला ओळखतो त्यावर काहीबाही ठरायचं. नव्या नियमाने सहा वर्षं झाली की टोपी. सत्तर गुण पडले की महिन्याभरात सुटका. नाही पडले तर दोन वर्षांनी पुन्हा. अट एकच होती. आधी अपील मागे घ्यायचं. जी म्हणते मी केलंच नाही, तिला पश्चात्ताप कसला होणार? कागदावर हे अगदी बरोबर दिसत होतं.

शेजारच्या बराकीतल्या एका बाईने नवऱ्याला कोयत्याने तोडलं होतं. तिला अठ्ठ्याऐंशी गुण पडले, आणि ती रडत रडत, सगळ्यांच्या पाया पडत घरी गेली. नागमणी येलदीला चार पडले.

नागमणी सोलापूरच्या पूर्व भागातली. आई विड्या वळायची. नागमणी घरोघरी आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायची. एका घरी तिच्यावर सोपवलेल्या मधुमेही आजी दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. पोटावर बसवलेल्या पंपातून इन्सुलिन दुप्पट गेलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. आदल्याच दिवशी आजींनी तिच्यावर साखर चोरल्याचा आळ घेतला होता आणि मोठं भांडण झालं होतं. तेवढं पुरलं. कारागृहात आली तेव्हा तिची मुलगी श्रावणी आठ वर्षांची होती. नागमणीने प्रवेशाच्या नोंदवहीत अंगठा उठवला. लिहायला-वाचायला मी शिकवलं.

दोन वर्षांनी तिला पुन्हा टोपी घातली. तीन गुण.

"खून केला असतास तर सुटली असतीस," बराकीतल्या बायका तिला चिडवायच्या. चिडवायच्या खऱ्या, पण हसत कुणी नव्हतं.

कुणी काय केलं हे विचारायचं नाही, असा माझा एकतीस वर्षांचा नियम. 'मी केलं नाही' हे कारागृहात 'राम राम' इतकंच ऐकू येतं. पण तो तीनचा आकडा पाहिला आणि मी त्या रात्री जेवले नाही. आठवण नाही, म्हणून वेदना नाही, म्हणून तीन. या बाईने काही केलेलं नाही हे टोपी दोनदा स्वच्छ सांगत होती. फक्त ते वाचण्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

आठवड्याने नागमणी वर्गात आली. बाकीच्या गेल्यावरही बसून राहिली.

"बाई, माझी थोरली बहीण वारली की ओ," ती म्हणाली. श्रावणी त्या मावशीकडेच राहायची. "पोरीला संस्थेत टाकणार म्हणायलेत. सोळा वर्षांची पोर. अजून दोन वर्षं मी काय करू?"

"वकिलांना सांगू—"

"वकील नको. अपील गेलं की. तुम्ही मला अक्षरं शिकवलाव. आता पश्चात्ताप शिकवा."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"हसायलाव काय बाई? गणित शिकवलाव, हे शिकवायला काय जड हाय?"

मी हसत नव्हते. टोपीसाठी कुणाला तयार करणं हा गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. ते पत्रक माझ्याच वर्गाच्या दारावर चिकटवलेलं होतं. मी त्या पत्रकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "उद्या दुपारी दोनला ये."

पोर उघड्यावर पडली म्हणून टोपी मुदतीआधी मिळावी, असा अर्ज मी लिहून दिला, आणि तो मंजूर होऊन तारीख येईपर्यंत पाच महिने आम्ही बसलो. पहिला महिना वाया गेला. मी पाढ्यांसारखं सांगायची, ती पाढ्यांसारखं म्हणायची. "मला राग आला. मी पंपाचं बटण दोनदा दाबलं." कोरडं, लाकडासारखं. नुसत्या वाक्यांनी होणार नाही हे मला कळत होतं. डोळ्यांपुढे खोली दिसायला हवी, कानात हाक यायला हवी. पण ते घर मी पाहिलं नव्हतं, आणि नागमणीला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती, एवढंच.

मग मी माझ्याकडचं काढलं.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझी आईही मधुमेहाने अंथरुणाला खिळलेली होती. चैत्रातली दुपार होती. वार्षिक परीक्षेचे पेपर मी मागवून घेतले होते, कारागृहाच्या पगारात भागायचं नाही म्हणून बाहेरच्या शाळेचे पेपर तपासायची. खिडकीला हिरवा अर्धा पडदा होता, उन्हाने खोलीभर हिरवा उजेड पडला होता. आईने हाक मारली, "हेमे, पाणी दे गं." मी म्हटलं, "आले." थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. मी पुन्हा "आले" म्हटलं. तिसऱ्या हाकेला मी उत्तरही दिलं नाही. गठ्ठ्यात सातच पेपर उरले होते. ते संपवून तांब्या भरून गेले तेव्हा आई गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, पाण्याने काही फरक पडला नसता. डॉक्टरांना काय, तिसरी हाक त्यांना आली नव्हती.

जगात माझ्याकडे खराखुरा पश्चात्ताप एवढाच होता. तो मी नागमणीला दिला. खिडकी दिली, हिरवा उजेड दिला, हाक दिली, आणि पंपाचं बटण त्याच दुपारीत बसवून दिलं. ठरवून काय दिलं आणि बोलण्याच्या भरात काय गेलं, याचा हिशेब तेव्हा मी ठेवला नाही. त्यासाठी मी आता तीन दिवसांऐवजी रोज जायची. एक तास. मी सांगायची, ती डोळे मिटून म्हणायची. तीनदा. चौथ्या महिन्यात एके दिवशी ती म्हणता म्हणता थांबली.

"बाई, ती पाणी मागायली होती हो," ती म्हणाली. "आणि मी उठलेच नाही."

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, त्या काट्यात थोडा शिक्षिकेचा आनंदही होता. पोरीला धडा आला होता.

एक्क्याऐंशी गुण पडले. महिन्याने ती सुटली. फाटकाबाहेर श्रावणी उभी होती, परकर-पोलक्यात मागे राहिलेली पोर आता आईपेक्षा उंच झालेली. मी लांबून पाहिलं आणि घरी येऊन शिरा केला.

माझी चूक नेमकी सांगायची तर एवढीच. परीक्षा झाली की मुलं विसरतात, हा माझा जन्मभराचा अनुभव. वर्षभर घोकलेली सनावळी मे महिन्यात एकाच्याही डोक्यात राहत नाही. नागमणीही विसरेल, असं मी धरून चालले. ती विसरली नाही.

सहा वर्षांनी, यंदाच्या वैशाखात, एका सकाळी माझ्या दारात दोघी जणी उभ्या राहिल्या. एक मोफत कायदा-मदत केंद्राच्या वकील, ॲडव्होकेट अर्शिया मुजावर, तिशीतल्या, हातात जाडजूड फाईल. दुसरी श्रावणी. तेवीस वर्षांची. बसा म्हटलं तरी ती बसली नाही.

अर्शियाताईंनी थोडक्यात सांगितलं. ज्या कंपनीचा तो पंप होता, तिची आतली कागदपत्रं एका खटल्यात बाहेर आली होती. त्या वर्षीच्या एका खेपेतले पंप आपोआप दुप्पट औषध सोडत होते. कंपनीला ते माहीत होतं. अकरा माणसं गेली. नागमणीच्या आजींचा पंप त्याच खेपेतला. उच्च न्यायालय हा निकाल पुन्हा तपासायला तयार होतं. सोमवारी तारीख होती.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"कंपनीचे वकील म्हणतात, पंप बिघडला असेलही, पण हिने बटण दाबलंच होतं. टोपीत एक्क्याऐंशी गुण आहेत. आणि नागमणीबाईंना 'मी हा गुन्हा केलेला नाही' असं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगितलं, तर त्या सही करत नाहीत."

"का?"

उत्तर श्रावणीने दिलं. "कारण तिला आठवतं. मी आठ वर्षं शाळेत पोरींशी मारामाऱ्या केल्या, माझ्या आईनं काही केलेलं नाही म्हणून. ती घरी आली आणि पहिल्याच रात्री मला जवळ घेऊन म्हणाली, श्रावणी, मी मारलं गं तिला. तेव्हापासून मी वसतिगृहात राहते. आई म्हणते हे सगळं तिला वर्गात उमगलं." तिने माझ्या भिंतीवरच्या आदर्श शिक्षिका पुरस्काराकडे पाहिलं. "चांगलं शिकवता हो बाई तुम्ही. शंभर टक्के निकाल."

मी काही बोलणार तेवढ्यात अर्शियाताईंनी हात वर केला.

"बाई, थांबा. मी नागमणीबाईंची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही आता जे सांगाल त्यानं त्या निर्दोष ठरतील, पण तुम्ही आरोपी व्हाल. स्वतःविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. गप्प राहायचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे."

तो तक्ता मी किती वेळा रंगवला होता! ऊन लागून फिका पडला की पुन्हा रंगवायची. कितीजणींना ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. मला स्वतःला कधी कुणी ते म्हणून दाखवेल असं वाटलं नव्हतं. ऐकायला बरं वाटलं. थकलेल्या माणसाला कुणी खुर्ची पुढे करावी तसं.

"बसा," मी श्रावणीला पुन्हा म्हटलं. "लांबलचक आहे."

माझं सांगून झालं. श्रावणी म्हणाली, "तुमच्यावर ओरडायचं ठरवून आले होते." आणि उठून स्वतःच माठातलं पाणी घेऊन प्यायली.

माझं प्रतिज्ञापत्र अर्शियाताईंनी तिथेच लिहून घेतलं. पण त्या म्हणाल्या, तेवढं पुरणार नाही. कंपनीवाले म्हणतील, म्हातारीला विद्यार्थिनीची दया आली. नागमणीने स्वतः सही करायला हवी. आणि मुख्य म्हणजे तिला पटायला हवं.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघी सोलापूरला गेलो. गाडीत मी आईला आठवायचा प्रयत्न करत होते. हिरवा उजेड आला, तांब्या आला. पण आईच्या उशाशी, जिथे कुणीच नव्हतं, तिथे मला नागमणी बसलेली दिसत होती. पाच महिने रोज सांगून सांगून माझीही भाकरी दुसऱ्याच आकाराची झाली होती. आईची ती शेवटची दुपारसुद्धा आता पुरती माझी राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नागमणीकडे गेलो. तिच्या घरापुढे, रस्त्याला लागून, पत्र्याच्या सावलीत चार रांजण मांडलेले होते. त्यांवर ओली फडकी, वाळ्याची जुडी, साखळीला बांधलेले पेले. पाणपोई. गल्लोगल्ली थंड पाण्याची यंत्रं बसलेली असताना पाणपोई मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. एक हातगाडीवाला ओंजळीने पाणी पीत होता. नागमणी वाकून, लांब दांड्याच्या ओगराळ्याने त्याच्या ओंजळीत धार धरत होती. केस पांढरे झाले होते.

"आत्ता गं बाई! उंबरजे बाई!" ती पदराला हात पुसत पुढे आली आणि माझ्या पाया पडली. मग मागे श्रावणी दिसली, तशी जागच्या जागी थांबली. "आलीस?"

"बाईंबरोबर आले," श्रावणी म्हणाली. "लगेच जायचंय."

"पाणी तरी घे की."

श्रावणीने पेला घेतला नाही.

मी रांजणाशेजारच्या बाकावर टेकले. "नागमणी, पाणपोई कधीपासून?"

"घरी आल्यापासून. सहा उन्हाळे झाले." ती खाली बघत होती. "तिला दिलं नाही, ते सगळ्यांना द्यायलेय. दुसरं काय करू?"

"ती दुपार मला पुन्हा सांग."

"पाठ हाय की बाई तुम्हांला."

"तरी सांग. पहिल्यापासून."

ती डोळे मिटून सांगायला लागली. मी सहा वर्षांनी ऐकत होते, आणि तिने ते किती राखलं होतं! मी दिलं त्यापेक्षा जास्त होतं त्यात. पडद्याची कड उसवलेली होती. माशी काचेवर आपटत होती. आणि ते तसंच होतं, आमच्या घरात. मी तिला कधी सांगितलं मला आठवत नाही.

"तिनं हाक मारली. मी म्हटलं आले. मांडीवर कागद होते ना माझ्या. ते खाली पडतील म्हणून उठले नाही. पुन्हा हाक मारली—"

"कसले कागद?"

"कागद हो. गठ्ठा. हातात लाल पेन होतं, मी त्यावर खुणा करायले होते. सात राहिले होते—"

"नागमणी," मी म्हटलं. "कारागृहात आलीस तेव्हा नोंदवहीत सही केलीस की अंगठा?"

"अंगठा." तिने डोळे उघडले. "सही कुठं येत होती? तुम्ही नंतर शिकवलाव."

"मग त्या दुपारी लाल पेनानं तू काय लिहीत होतीस?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. नागमणीने स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघायला लागली, जणू तो कुणी तिथे विसरून गेलं होतं.

अर्शियाताईंनी टोपीच्या वेळचं रेकॉर्डिंग आणलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यातही आहे. लाल पेन, सात कागद. सहा वर्षं सगळ्यांनी गुण बघितले. कुणी ऐकलंच नाही."

"मग ती बाई कोण?" नागमणीने विचारलं. "पाणी मागणारी?"

"माझी आई."

"आणि उठली नाही ती..."

"मी."

मला वाटलं आता ती ओरडेल, काहीतरी फेकेल. तिने तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, ओगराळं रांजणात बुडवलं, एक पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"सहा वर्षं तुमच्या आईच्या नावानं पाणी वाटायलेय म्हणा की," ती म्हणाली. "पोचलं असंल आता. भरपूर पोचलं असंल." मग म्हणाली, "पण बाई, कळलं तरी जात नाही हो. अजून दिसायलंय मला. तिचा चेहरा दिसायलाय."

"मलाही दिसतो," मी म्हटलं. "जायचा नाही. शिकवलेलं कसं काढून घ्यायचं, ते मला येत नाही."

श्रावणी मागे उभी होती ती पुढे आली. आईच्या हातातून ओगराळं काढून घेतलं, कारण एक शाळकरी मुलगा आणि त्याची आजी कधीची ओंजळ करून थांबली होती. तिने दोघांना पाणी वाढलं. सवय नव्हती, अर्धं सांडलं.

"धार बारीक धर," नागमणी न बघताच म्हणाली.

अर्शियाताईंनी छापील प्रतिज्ञापत्र पुढे केलं. 'मी हा गुन्हा केलेला नाही, असे सत्यप्रतिज्ञेवर सांगते.' नागमणीने ते सावकाश, अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. "हे मला म्हणता येणार नाही. मला केल्याचं आठवतं. खोटी शपथ कशी घेऊ?"

अर्शियाताईंनी कपाळाला हात लावला. मी त्यांच्याकडून कोरा कागद आणि पेन मागून घेतलं.

"तू सांग," मी नागमणीला म्हटलं. "मी लिहिते. पहिल्यासारखं."

तिने बराच विचार केला. मध्ये एकदा श्रावणीकडे पाहिलं. मग म्हणाली, आणि मी तिच्याच शब्दांत लिहिलं. 'मला जे आठवतं ते माझं नाही. त्या दिवशी मला लिहायला येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते.'

"चालेल का?" मी विचारलं.

अर्शियाताईंनी ते दोनदा वाचलं. "चालवून घेऊ," त्या म्हणाल्या. "यावर मी सोमवारी उभी राहते. आणि बाई, मंगळवारी बहुधा तुम्हांला बोलावणं येईल. कदाचित टोपीही घालतील."

"घालू देत. माझे गुण खरे असतील."

एकतीस वर्षांच्या सवयीने मी कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर नागमणी ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणण्यासाठी तोंड उघडलं. पुढे काय असतं हे तिला ठाऊक होतं.

"नको," मी म्हटलं. "म्हणू नकोस. नुसती सही कर."

तिने मराठीत सही केली. जोडाक्षर नव्हतं त्यात, तरी तिला वेळ लागला.